घरं जमवणारे दातांचे डॉक्टर

कुणी तिकिटं जमवतं, कुणी नाणी, कुणी काड्यापेट्यांची चित्रं. नॉर्वे देशातल्या आंडर्स सांडविग या दातांच्या डॉक्टरांनी घरं जमवली. चित्रातली नाहीत हं, खरीखुरी. दारं, भिंती, छप्पर, चूल, सगळ्यासकट.

सांडविग 1885 साली लिलेहामेर या लहानशा गावात राहायला आले. तेव्हा ते अवघे तेवीस वर्षांचे होते आणि त्यांची प्रकृती बरी नव्हती. लिलेहामेरच्या उत्तरेला गुडब्रान्सडाल नावाचं लांबच लांब खोरं आहे. मधून नदी वाहते आणि दोन्ही अंगांच्या उतारावर शेतं आणि शेतकऱ्यांच्या वस्त्या. डॉक्टर आपली अवजारं घेऊन या वस्त्यांवर जायचे आणि लोकांचे दुखरे दात बघायचे. तिथे त्यांना एक गोष्ट दिसू लागली. जुनी लाकडी घरं लोक पाडत होते, नक्षीची कपाटं आणि जुनी भांडी मिळेल त्या भावाला विकत होते. डॉक्टरांना ते बघवेना. त्यांनी आधी वस्तू विकत घ्यायला सुरुवात केली आणि मग थेट घरंच. आणलेलं घर ते आपल्या बागेत उभं करायचे!

बाग केवढी पुरणार? घरं वाढत गेली, तेव्हा हा सगळा संग्रह गावाने घेतला, आणि 1904 साली गावाजवळच्या मायहौगेन नावाच्या टेकडीवर तो लोकांना बघायला खुला झाला. आज मायहौगेनला दोनशेच्या आसपास इमारती आहेत. त्यातली माझी सगळ्यात आवडती म्हणजे ब्योर्नस्टाड. ही एका शेतकऱ्याची वस्ती. एका कुटुंबाची, पण तिच्यात वीसहून जास्त घरं आहेत आणि सगळी ओंडक्यांची.

आता तुमच्या मनात दोन प्रश्न आले असतील. एका कुटुंबाला वीस घरं कशाला लागतात? आणि घर मोडून, गाडीवर घालून, दुसरीकडे पुन्हा तसंच्या तसं उभं कसं करता येतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी बघू, कारण त्यातच खरी गंमत आहे.

दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून बघा. हात कसे घट्ट बसले? ना डिंक, ना दोरी. ओंडक्यांचं घर असंच उभं राहतं. एक ओंडका आडवा ठेवायचा. त्याच्या टोकापासून थोडं आत कुऱ्हाडीने खाच पाडायची. दुसऱ्या भिंतीचा ओंडका काटकोनात येऊन त्या खाचेत बसतो. मग त्याच्यावर पुन्हा पहिल्या भिंतीचा, त्याच्यावर पुन्हा दुसऱ्या भिंतीचा. असे चारही कोपरे एकमेकांत गुंतत वर चढतात. ओंडक्यांची टोकं कोपऱ्याबाहेर वीतभर राखतात, म्हणजे खाचेपाशी लाकूड फुटत नाही. भिंतीला लोखंडी खिळा लागत नाही. त्या काळी लोखंड महाग होतं, लाकूड मात्र दारात उभं होतं. दोन ओंडके पुढेमागे सरकू नयेत म्हणून मध्ये भोक पाडून लाकडाचीच खुंटी घालायचे.

हे ओंडके पाइनचे, आणि पाइन हे झाड बुंध्याशी जाड आणि शेंड्याकडे निमुळतं असतं. सगळे बुंधे एकाच बाजूला ठेवले तर भिंत एकीकडे उंच होईल. म्हणून एका थराला बुंधा डावीकडे, पुढच्या थराला उजवीकडे. साधी युक्ती, पण ती ज्याला पहिल्यांदा सुचली त्याला मनापासून सलाम करावासा वाटतो.

ओंडका गोल असतो, मग दोन ओंडक्यांच्या मध्ये फट राहणारच, नाही का? आणि बाहेर शून्याखाली वीस अंश थंडी! सुतारांनी काय केलं, तर वरच्या ओंडक्याच्या पोटाला लांबच लांब पन्हळ कोरली. ही पन्हळ खालच्या ओंडक्याच्या पाठीवर बरोबर बसली पाहिजे. खालच्या ओंडक्याला जिथे गाठ असेल तिथे वरच्याच्या पोटात तेवढा खळगा. त्यासाठी दोन टोकांचं एक लोखंडी अवजार असायचं. एक टोक खालच्या ओंडक्यावरून फिरवायचं, की दुसरं टोक वरच्या ओंडक्यावर अगदी तशीच वळणं घेत रेघ ओढतं. त्या रेघेबरहुकूम कोरायचं. आणि पन्हळीत काय भरायचं? जंगलातलं शेवाळ! शेवाळात बारीक बारीक पोकळ्या असतात आणि त्यांत हवा अडकून राहते. अडकलेली हवा उष्णता सहजासहजी जाऊ देत नाही. लाकडाचंही तसंच. दगडातून उष्णता जितक्या वेगाने निसटते, त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी वेगाने ती पाइनच्या लाकडातून जाते. म्हणून आत शेकोटी पेटली की ओंडक्याची भिंत ऊब धरून ठेवते.

आता एक कोडं घाला मोठ्या माणसांना. पावसाळ्यात आपल्या घरांची लाकडी दारं फुगतात आणि चौकटीत अडकतात. खांद्याने ढकलावी लागतात. पण दार फुगतं ते नेहमी रुंदीला. उंचीला वाढून ते जमिनीला का घासत नाही?

उत्तर झाडाच्या आत आहे. लाकूड म्हणजे अगदी बारीक, उभ्या, लांबट नळ्यांचा जुडगा. झाड जिवंत असताना या नळ्यांतून पाणी मुळांपासून वर चढतं. नळ्यांच्या भिंती पाणी प्यायल्या की जाड होतात, वाळल्या की बारीक होतात. म्हणजे फरक पडतो तो जाडीला. लांबीला जवळजवळ नाहीच. सहा मीटर लांबीचा ओला ओंडका पूर्ण वाळला तरी लांबीत जेमतेम सेंटीमीटरभर कमी होतो.

ओंडक्यांची भिंत बांधताना ओंडके आडवे असतात. म्हणजे भिंतीची उंची कशाची बनली? ओंडक्यांच्या जाड्यांची! प्रत्येक ओंडका वाळताना समजा अर्धा सेंटीमीटर बारीक झाला आणि एकावर एक बारा ओंडके असले, तर भिंत सहा सेंटीमीटरनी खाली बसणार. अख्खं घर हळूहळू बुटकं होतं. यात घराचं काही बिघडलेलं नसतं, लाकडाचा स्वभावच तो. पण खिडकीची चौकट भिंतीत पक्की ठोकून बसवलेली असेल, तर काय होईल? भिंत खाली यायला बघणार, चौकट तिला अडवणार. चौकटीच्या वरचे ओंडके तिच्यावरच अडकून राहणार, बाजूचे खाली जाणार आणि मध्ये भलीमोठी फट पडणार.

म्हणून ते सुतार चौकट ठोकायचेच नाहीत. दारापाशी संपणाऱ्या ओंडक्यांच्या टोकांना उभी खोबण पाडायची आणि चौकटीचा खांब त्या खोबणीत नुसता सरकवून ठेवायचा. चौकटीच्या वर काही सेंटीमीटर जागा मोकळी सोडायची आणि तिथे शेवाळ भरायचं. पुढच्या काही वर्षांत भिंत आपली सावकाश खाली येते, खांबाच्या अंगाने सरकते आणि ती मोकळी जागा मिटत जाते. लाकडी खुंट्यांची भोकंही खुंटीपेक्षा थोडी खोल ठेवायचे, म्हणजे भिंत बसताना खुंटी वरच्या ओंडक्याला उचलून धरणार नाही. जे शाळेत पदार्थविज्ञान शिकले नव्हते, त्यांनी लाकूड पुढच्या दहा वर्षांत काय करणार आहे हे ओळखून आजच त्याच्यासाठी जागा सोडली होती. मला या घरातली सगळ्यात सुंदर गोष्ट कोणती वाटते असं विचाराल, तर मी ती चौकटीवरची चार बोटं जागा दाखवीन.

आता मान वर करा. छपरावर चक्क गवत वाढलंय! उन्हाळ्यात त्यात रानफुलंही येतात. ही हौस नव्हे. छपराच्या फळ्यांवर आधी बर्च झाडाची साल एकावर एक कित्येक थरांत अंथरायची. ही साल पाणी आत शिरू देत नाही आणि लवकर कुजतही नाही. तुम्ही भूर्जपत्राचं नाव ऐकलं असेल. ते हिमालयात वाढणाऱ्या बर्चचीच साल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत काश्मीरमधून आणलेली ऋग्वेदाची एक हस्तलिखित पोथी आहे, ती याच सालीवर लिहिलेली आहे. जी साल तिकडे छपरावर पाऊस अडवते, तिच्या भाऊबंदाच्या सालीवर इकडे कुणी शाईने ऋचा उतरवल्या!

पण साल वाळली की तिच्या कडा वळतात, आणि वारा आला तर ती उडूनही जाईल. तिला दाबून धरायला हवं. म्हणून तिच्यावर गवतासकट कापलेल्या मातीच्या चकत्या ठेवायच्या. खालचा थर गवत खाली करून, वरचा थर गवत वर करून. दोन्ही थरांची मुळं एकमेकांत गुंततात आणि छपराची माती धरून ठेवतात. अशा छपराच्या दर चौरस मीटरला साधारण 250 किलो वजन भरतं. पन्नास चौरस मीटरचं छप्पर धरलं तर साडेबारा टन! एवढं ओझं कशाला, असं वाटेल. पण हेच ओझं भिंतींवर येतं, ओंडके एकमेकांवर घट्ट दाबले जातात, शेवाळ आवळलं जातं आणि वारा आत यायचा बंद होतो. भिंत बसायला जे वजन हवं ते छपरातून मिळालं, आणि छपराला जो दाब हवा तो मातीतून. वळचणीला एक आडवा ओंडका अडकवलेला असतो, तो माती घसरू देत नाही.

बरं, आता पहिला प्रश्न. वीस घरं कशाला?

एक कारण झाडातच आहे. ओंडका झाडाच्या उंचीपेक्षा लांब असू शकत नाही आणि वर जाईल तसा तो बारीक होतो. त्यामुळे ओंडक्यांच्या घराची एक भिंत काही मीटरांचीच होणार. जास्त जागा हवी? मग दुसरं घर बांधा. दुसरं कारण आग. लाकडाची भिंत, सालीचं छप्पर, वर सुकलेलं गवत. एक ठिणगी पडली तर सगळं खाक. त्यामुळे जिथे मोठा विस्तव लागतो ती कामं वेगळ्या घरात. भाकऱ्या भाजायचं घर वेगळं, धान्य वाळवायचं वेगळं, आणि लोहाराचा भाता तर वस्तीपासून चांगला लांब. एक घर जळालं तरी बाकीची वाचावीत.

गुडब्रान्सडालमधल्या मोठ्या वस्त्यांना दोन अंगणं असायची. आतल्या अंगणाभोवती माणसांची घरं आणि कोठारं, बाहेरच्या अंगणाभोवती गोठा, घोड्यांचा तबेला आणि चाऱ्याची मोठाली घरं. तिथला हिवाळा फार लांब. गुरं वर्षातले सात-आठ महिने गोठ्यातच बांधलेली. तेवढ्या दिवसांचं गवत उन्हाळ्यात कापून भरून ठेवावं लागायचं, म्हणून चाऱ्याची घरं एवढी मोठी. उन्हाळ्यात मुली आणि बायका गुरं घेऊन डोंगरावरच्या कुरणात राहायला जायच्या, तिथेही ओंडक्यांची झोपडी असायची. लोणी आणि चीज तिथेच व्हायचं. याच खोऱ्यातल्या आन होव नावाच्या बाईंनी 1863 साली चीज काढून उरलेलं पाणी साय घालून आटवलं, तपकिरी होईपर्यंत आटवलं आणि गोडसर चीज तयार झालं. नॉर्वेची मुलं ते आजही पावावर पातळ काप ठेवून खातात.

या सगळ्या घरांतलं सगळ्यात ऐटबाज घर कुठलं असेल, सांगा बघू? माणसांचं नव्हे, कोठाराचं! त्याला स्टाबुर म्हणतात. वर्षभराचं पीठ, खारवून वाळवलेलं मांस, लोणी आणि पातळ कोरड्या भाकऱ्यांच्या चळती त्यात असायच्या. या भाकऱ्या वर्षातून थोड्याच वेळा एकदम भरपूर भाजायच्या. त्यांत ओलावा जवळजवळ नसतोच, आणि ओलावा नाही तर बुरशीही नाही, म्हणून त्या महिनोन्महिने टिकायच्या. कोठार भरलेलं म्हणजे हिवाळा तरून जाणार. किल्ली घरच्या मालकिणीच्या कमरेला.

आता तुम्ही उंदीर आहात असं समजा. वर हा सगळा मेवा आहे, वास नाकात शिरलाय. चला, चढू या! कोठार जमिनीवर नाहीच, ते जाड लाकडी खुंटांवर उभं आहे. हरकत नाही, उंदराला खांब चढता येतो. नखं रोवत तुम्ही वर पोचता, आणि डोक्याला लागतो सपाट, रुंद दगड. खुंट आणि कोठार यांच्यामध्ये तो चहूबाजूंनी बाहेर आलेला. त्याच्या पोटाला उलटं लटकून कडेपर्यंत जायचं तर गुळगुळीत दगडात नखं रुततच नाहीत. खाली पडलात. मग सोपा मार्ग, जिना! दारासमोर पायऱ्या आहेतच की. टुणटुण उड्या मारत शेवटच्या पायरीवर येता आणि बघता तर पायरी संपली, पण कोठार सुरूच होत नाही. मध्ये मोकळी जागा. माणूस ती एका ढांगेत ओलांडतो, उंदीर नाही ओलांडत. पायऱ्या मुद्दामच कोठाराला चिकटवलेल्या नसतात. विष नाही, सापळा नाही, तरीही उंदीर उपाशी. शिवाय खालून वारा खेळतो, म्हणून बर्फ वितळला तरी कोठाराची जमीन कोरडी.

काही कोठारांच्या छपरावर छोटीशी घंटाही असते. शेतात लांब कामाला गेलेल्या माणसांना जेवायला बोलावायची.

तर अशी ही वस्ती डॉक्टरसाहेबांच्या टेकडीवर कशी आली, ते आता तुम्हीच सांगू शकाल. खिळे नाहीत, सिमेंट नाही. वरून माती उतरवायची, साल काढायची, मग एकेक ओंडका उचलायचा. फक्त कुठला ओंडका कुठला हे विसरता कामा नये, कारण प्रत्येकाच्या पोटातली पन्हळ फक्त त्याच्या खालच्याच्याच पाठीसाठी कोरलेली आहे. अदलाबदल चालत नाही. म्हणून प्रत्येकावर खूण करायची: कुठली भिंत, कितवा थर. नॉर्वेत लोक फार पूर्वीपासून घरं अशी मोडून दुसरीकडे नेत असत. डॉक्टरांनी ही जुनीच रीत कामाला लावली. पन्हळीत तेवढं नवं शेवाळ भरायचं, की घर पुन्हा उभं.

आणि या घरांचं वय? ते कोरून ठेवलेलं नसलं तरी ओंडक्यात लिहिलेलं असतं. थंड प्रदेशात झाड वसंतात आणि उन्हाळ्यात वाढतं, हिवाळ्यात थांबतं. सुरुवातीचं लाकूड फिकट, शेवटचं गडद. दर वर्षाला एक वलय. उन्हाळा चांगला गेला की वलय रुंद, थंडगार गेला की अरुंद. त्यामुळे एकाच खोऱ्यातल्या सगळ्या पाइन झाडांत रुंद-अरुंद वलयांचा क्रम सारखाच येतो. आज तोडलेल्या झाडाची वलयं आतून जुळवत जुळवत जुन्या घराच्या ओंडक्याशी जोडायची, तिथून आणखी जुन्या घराशी, आणि असं शेकडो वर्षं मागे जायचं. लाकडाला भोक पाडून पेन्सिलीएवढा बारीक नमुना काढला तरी काम भागतं. ओंडक्याची सालीलगतची कडा शाबूत असेल, तर झाड नेमकं कुठल्या वर्षी तोडलं हे कळतं. कडा तासून गेली असेल, तर शेवटची काही वलयं हरवली म्हणून समजा. असं वय काढायची पद्धत बसवली ती अमेरिकेतल्या ए. ई. डग्लस यांनी, आणि ते होते खगोलशास्त्रज्ञ! सूर्यावरच्या डागांचा हवामानाशी काय संबंध आहे, हे त्यांना झाडांमध्ये शोधायचं होतं. याच पद्धतीने नॉर्वेमधल्या एका लाकडी कोठाराचं वय बाराव्या शतकापर्यंत मागे गेलंय. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या आधीचं कोठार, आणि ते अजून उभं आहे.

आपल्याकडच्या पुष्कळ झाडांना अशी ठळक वलयं नसतात, कारण इथे वाढ थांबवणारा कडक हिवाळा नाही. पण सागाला असतात. साग उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळतो आणि पाऊस आला की पुन्हा वाढायला लागतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सागाच्या वलयांवरून जुन्या काळातल्या पावसाचा अंदाज बांधलाय. तेव्हा लाकडाच्या वखारीवरून जाताना सागाचा कापलेला ओंडका दिसला, तर आडव्या कापाकडे बघा आणि कडेपासून आत मोजत जा. तुमच्या जन्माच्या वर्षाचं वलय रुंद आहे की अरुंद? आणि त्या वर्षी पाऊस कसा होता, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. मात्र एक काळजी घ्या: ओंडका कधी तोडला हे आधी वखारवाल्या काकांना विचारून घ्या, नाहीतर सगळी मोजदाद पुढेमागे होईल.